दाद मागायचं दार

ग्रान कनारिया हे बेट नकाशात आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागून दिसतं, पण आहे स्पेनचं. थंडीला कंटाळलेल्या जर्मन माणसांचं ते गोवाच. तिथल्या एका हॉटेलात एका जर्मन कुटुंबातला सात वर्षांचा मुलगा बाल्कनीच्या सरकत्या काचेच्या दारावर धावत जाऊन आपटला. दार बंद होतं. काच फुटली आणि मुलाला चांगलंच कापलं. घरी परतल्यावर आईवडिलांनी सहल विकणाऱ्या कंपनीकडे भरपाई मागितली, कंपनीने नकार दिला. प्रकरण वर चढत चढत जून २०१९ मध्ये कार्ल्सरूहला, जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयात पोहोचलं.

तिथे न्यायाधीशांनी जो मुद्दा पकडला तो वरवर अगदी कोरडा वाटतो. त्या दाराची काच स्पेनच्या बांधकाम नियमांत बसत होती का? खालच्या कोर्टाने हे नीट तपासलंच नव्हतं. म्हणून वरच्या न्यायालयाने निकाल रद्द केला आणि सांगितलं, आधी हे शोधा.

मला यात काचेच्या जाडीपेक्षा दुसरीच गोष्ट नवलाची वाटते. अपघात स्पेनमध्ये झाला, दार स्पॅनिश हॉटेलचं. तरी दावा जर्मनीत चालला, जर्मन भाषेत चालला, आणि ज्या कंपनीकडून सहल विकत घेतली तिच्याविरुद्ध चालला. त्या आईवडिलांना स्पॅनिश वकील शोधावा लागला नाही. हे आज सहज वाटतं, पण इथवर यायला कायद्याला फार वेळ लागला आहे. आणि आपण मोबाईलवर खोल्या बुक करू लागल्यापासून हेच दार हळूहळू पुन्हा बंद होत चाललंय.

खूप मागे जाऊ. रोमन साम्राज्यात प्रेटर नावाचा न्यायदान करणारा अधिकारी असे. त्याच्या जाहीरनाम्यात एक कलम होतं : जहाजवाले, खाणावळ-धर्मशाळा चालवणारे आणि तबेलेवाले यांनी प्रवाशाकडून जे सामान ताब्यात घेतलं, ते सुखरूप परत केलं पाहिजे. चोरी झाली तर चूक कोणाची हे बघायचं नाही, मालकाने भरून द्यायचं. कारण उघड आहे. त्या काळातले हे धंदेवाले चोरांना सामील असत असा सर्वांचा पक्का समज होता.

हे झालं सामानाचं. माणसाच्या शरीराचं काय? वरच्या मजल्यावरून काही फेकलं आणि खालच्या वाटसरूला लागलं, तर भरपाई किती, यावर गायस हा रोमन कायदेपंडित म्हणतो की वैद्याचा खर्च मोजा, बुडालेली मजुरी मोजा, पुढे बुडेल ती मजुरीही मोजा. पण अंगावर राहिलेल्या व्रणाचे किंवा विद्रूपतेचे पैसे मोजू नका, कारण स्वतंत्र माणसाच्या देहाची किंमत करता येत नाही. विचार उदात्त आहे. परिणाम मात्र असा की गुलामाला जखम झाली तर मालकाला पैसे मिळत, आणि स्वतंत्र माणसाच्या मुलाच्या गालावर आयुष्यभराचा व्रण राहिला तर त्या व्रणाचं काहीच मिळत नसे.

इंग्लंडमध्ये १५८४ साली एक प्रसिद्ध निकाल लागला. पाहुण्याने सरायमालकाला आपला घोडा कुरणात सोडायला सांगितलं, तिथून घोडा चोरीला गेला. कोर्टाने या निमित्ताने सगळे नियमच मांडले. सरायच्या आत ठेवलेल्या सामानाला मालक जबाबदार. पण पाहुण्याला सरायमध्ये कोणी मारहाण केली तर? त्याला मालक जबाबदार नाही. म्हणजे पेटी फुटली तर भरपाई आणि डोकं फुटलं तर नाही. पुढची कित्येक शतकं हॉटेलचा कायदा मुख्यतः पेटीचाच कायदा राहिला.

त्यात बदल व्हायला आधी सहल विकणारा माणूस जन्माला यावा लागला. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक याने लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे लोकांना रेल्वेने नेलं, माणशी एक शिलिंग. निमित्त दारूबंदीच्या सभेचं होतं. पुढे त्यातून जगभरचा धंदा उभा राहिला, १८८१ मध्ये मुंबईतही कुकचं कार्यालय उघडलं. या धंद्याने नवीन काय आणलं? गाडी, हॉटेल, जेवण या तीन वेगळ्या गोष्टी एका किमतीत एका माणसाकडून विकत घेता येऊ लागल्या. पण काही बिघडलं की तोच माणूस हात वर करायचा : आम्ही फक्त एजंट, हॉटेल आमचं नाही. विसाव्या शतकात चार्टर विमानं आली, लाखो ब्रिटिश आणि जर्मन कुटुंबं भूमध्य समुद्राकाठी जाऊ लागली, तरी हे उत्तर बदललं नव्हतं.

इंग्लंडमध्ये पहिली फट पडली ती एका हास्यास्पद खटल्यातून. एक वकील स्वित्झर्लंडला ६३ पौंडांच्या ख्रिसमस सहलीला गेला. माहितीपत्रकात घरगुती मेजवानी, गप्पा, संध्याकाळी योडेल गाणारा कलाकार असं सगळं छापलेलं. पहिल्या आठवड्यात तेरा पाहुणे होते, दुसऱ्या आठवड्यात हा एकटाच. योडेलवाला आला तो कामाच्या कपड्यांत, चारपाच गाणी भराभर म्हणून निघून गेला. खालच्या कोर्टाने साधारण निम्मे पैसे परत दिले. १९७२ मध्ये अपिलात लॉर्ड डेनिंग यांनी १२५ पौंड दिले, म्हणजे सहलीच्या किमतीच्या जवळपास दुप्पट. कारण सहल विकणारा आनंद विकतो, आणि आनंद मिळाला नाही तर हिरमोडाचेही पैसे द्यावे लागतील. तोवर करार मोडल्याबद्दल मनस्तापाची भरपाई इंग्लिश कायदा सहसा देत नसे.

त्यानंतर दोनेक वर्षांत मुलांचा प्रश्न आला. एका गृहस्थाने बायको आणि लहान मुलांसह सिलोनची चार आठवड्यांची सहल घेतली होती, सुमारे १,२०० पौंडांना. मुलांच्या खोलीच्या भिंतींवर बुरशी होती, त्या खोलीत झोपणं शक्य नव्हतं, स्वच्छतागृह घाण. आता करार बापाच्या नावावर. इंग्लिश कायद्यात करारात जो नाही त्याला दावा नाही. मग मुलांच्या त्रासाचे पैसे कोणाला? डेनिंग यांनी इथेही वाट काढली : कुटुंबासाठी ज्याने करार केला तो कुटुंबाच्या वतीने भरपाई मागू शकतो. १,१०० पौंडांचा निकाल त्यांनी कायम ठेवला. पुढे हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यांच्या या तर्कावर टीका केली, आणि कायद्याच्या शुद्ध चौकटीत ती बरोबरही असेल. पण बुकिंग एकाच्या नावावर आणि प्रवास सगळ्यांचा, हे प्रत्येक घरातलं वास्तव डेनिंगना दिसलं होतं.

१३ जून १९९० रोजी युरोपीय समुदायाने पॅकेज प्रवासाचा निर्देश काढला. त्यात हे दोन्ही धागे आले. प्रवासी म्हणजे पैसे भरणाराच नव्हे, ज्याच्यासाठी बुकिंग केलं तोही. आणि पाचव्या कलमात खरा घाव : हॉटेल, बस, जेवण दुसऱ्या कोणी पुरवलं असलं तरी करार नीट पार पाडण्याची जबाबदारी सहल विकणाऱ्याचीच. आम्ही फक्त एजंट, हे उत्तर पॅकेजपुरतं संपलं. कंपनीने ग्राहकाला भरपाई द्यायची आणि मग हॉटेलशी काय भांडायचं ते स्वतः भांडायचं. दोन देशांमधलं ते भांडण करायला कंपनीकडे वकील असतात, जखमी मुलाच्या आईकडे नसतात. निर्देशाचं सगळं शहाणपण मला या एका वाक्यात दिसतं.

हे कलम किती खोल जातं, ते एका दहा वर्षांच्या ऑस्ट्रियन मुलीमुळे कळलं. जुलै १९९७ मध्ये तिचं कुटुंब तुर्कस्तानात सिदे इथल्या क्लब-हॉटेलात दोन आठवडे राहिलं. टीयूआय कंपनीचं पॅकेज, सगळं जेवण तिथलंच. आठवड्याभरात मुलगी आजारी पडली. साल्मोनेलाची विषबाधा. ताप ४० अंशांपर्यंत, उलट्या, जुलाब. सुट्टीचे उरलेले दिवस आईवडील तिच्या उशाशी. क्लबमधल्या इतर अनेक पाहुण्यांनाही तोच त्रास झाला होता. घरी आल्यावर त्यांनी कंपनीला तक्रारीचं पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. वर्षभराने मुलीच्या नावाने दावा लागला, २५,००० शिलिंगांचा. आजच्या हिशेबात १,८०० युरोच्या आसपास.

पहिल्या कोर्टाने शारीरिक वेदनेचे १३,००० शिलिंग दिले आणि बुडालेल्या सुट्टीच्या आनंदाचं काहीही नाही म्हटलं, कारण ऑस्ट्रियाच्या कायद्यात तशी तरतूदच नव्हती. लिंझच्या वरच्या कोर्टालाही तसंच वाटत होतं, पण त्याने शंका म्हणून लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाला विचारलं. १२ मार्च २००२ रोजी उत्तर आलं : निर्देशातल्या भरपाईत आनंद हिरावल्याची भरपाईही येते. अकराशे युरोदेखील होणार नाहीत एवढ्या, म्हणजे उरलेल्या १२,००० शिलिंगांच्या वादातून सगळ्या सदस्य देशांचा कायदा ठरला. आणि विशेष म्हणजे दावा तिचा स्वतःचा होता, आईवडील फक्त तिच्या वतीने उभे होते. बुडालेली सुट्टी ही लहान मुलाचीही हानी असते, हे एवढ्या वरच्या न्यायालयात लिहिलं गेलं.

इथवर वाचून वाटेल की प्रश्न सुटला. नाही सुटला. दाद कुठे मागायची हे ठरलं, पण हलगर्जीपणा कोणत्या मापाने मोजायचा?

याचं इंग्लिश उत्तर पुन्हा एका काचेच्या दारातून आलं. ग्रीसमधल्या हॉटेलात एक ब्रिटिश पाहुणा अंगणाच्या काचेच्या दारावर पडला, काच फुटून गंभीर जखमी झाला. काच साधी, ५ मिलिमीटरची. ब्रिटिश मानकांत ती बसली नसती, ग्रीक मानकांत बसत होती. न्यायाधीश फिलिप्स यांनी दावा फेटाळला. सहल कंपनीने हॉटेल स्थानिक नियम पाळतं का ते बघायचं; सगळं जग ब्रिटिश नियमांवर आणायचं तिचं काम नाही. अपवाद एकच ठेवला : धोका असा असेल की कळल्यावर कोणी शहाणा माणूस तिथे राहायला जाणारच नाही, उदाहरणार्थ आगीपासून बचावाची काहीच सोय नाही, तर गोष्ट वेगळी. २००० मध्ये मायोर्का बेटावरच्या हॉटेलात लिफ्टच्या दारात बोट सापडलेल्या लहान मुलाचा दावा याच वाटेने गेला. ब्रिटनमध्ये असते तशी सूचना त्या लिफ्टवर नव्हती, पण स्पॅनिश नियम मोडलेला नव्हता. मुलगा हरला.

नियमाला तर्क आहे हे मी मान्य करतो. स्पेनच्या सुताराने जर्मनीची मानकं का पाठ करावीत? तरी मनाला पटत नाही. सहल विकताना कंपनी फोटो दाखवते, तारे दाखवते, 'घरच्यासारखं' म्हणते. विकताना घरचं माप आणि मोजताना तिथलं. शिवाय सिद्ध करण्याचं ओझंही जखमी माणसावर येऊन पडतं. त्या गावात त्या वर्षी काचेचा नियम काय होता, याचा तज्ज्ञ शोधायला पैसे लागतात, आणि बोटाच्या जखमेच्या भरपाईत ते सुटत नाहीत.

कॉर्फूचं प्रकरण याहून भीषण आहे, त्यावर थोडक्यातच लिहितो. ऑक्टोबर २००६ मध्ये तिथल्या हॉटेलच्या बंगल्यात सहा आणि सात वर्षांची ब्रिटिश भावंडं सदोष बॉयलरच्या कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच गेली. सहल थॉमस कुक कंपनीची होती. २०१० मध्ये ग्रीक कोर्टाने हॉटेलच्या व्यवस्थापकासह तिघांना दोषी ठरवलं, कंपनीचे कर्मचारी सुटले. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या मृत्युचौकशीत ज्यूरीने कंपनीने कर्तव्यात कसूर केली असं म्हटलं. तेव्हा बाहेर आलं की कंपनीनेच हॉटेलमालकांकडून सुमारे ३५ लाख पौंड वसूल केले होते. गदारोळ झाल्यावर त्यातले १५ लाख युनिसेफला दिले गेले. आईवडिलांना ही देणगी वर्तमानपत्रांतूनच कळली, असं तेव्हा छापून आलं. कायद्याची साखळी इथे नेमकी चालली होती. कंपनीला हॉटेलकडून वसुली करता यावी, हीच तर योजना होती. पण साखळीच्या कोणत्या कडीत माणूस आहे हे कंपनी विसरली.

आता पॅकेजच नसेल तर काय होतं ते पाहा. जानेवारी २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय कायद्याचे मोठे पंडित सर इयन ब्राउनली कुटुंबासह कैरोच्या फोर सीझन्स हॉटेलात उतरले होते. गाडीची सहल त्यांच्या पत्नीने इंग्लंडहून थेट हॉटेलला फोन करून ठरवली होती. अपघातात सर इयन आणि त्यांची मुलगी गेली, लेडी ब्राउनली आणि दोन नातवंडं जखमी झाली. त्यांनी इंग्लंडमध्ये दावा लावला. २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात कळलं की ज्या कंपनीवर दावा लावला ती कॅनडाची निव्वळ होल्डिंग कंपनी आहे. कैरोचं हॉटेल ना तिच्या मालकीचं, ना ती चालवत होती. पाटीवर नाव एक, मागे कंपन्यांची उतरंड. मग खरी कंपनी शोधून पुन्हा सुरुवात. ऑक्टोबर २०२१ मध्ये निकाल लागला की हा दावा इंग्लंडमध्ये चालू शकतो. चालू शकतो, एवढंच. जगातल्या उत्तम कायदेपंडिताच्या घराला या उंबरठ्यावर पोहोचायला अकरा वर्षं लागली.

आपल्याकडे मराठी माणसाची परदेशवारी बराच काळ ग्रुप टूरने झाली. सोबत महाराज, पोळी-भाजी आणि ज्याच्यावर ओरडता येईल असा टूर मॅनेजर. पॅकेज प्रवासाचा वेगळा कायदा भारतात नाही, पण ग्राहक कायदा आहे. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका रुग्णालयाच्या प्रकरणात म्हटलं की मूलही ग्राहक आणि ज्यांनी सेवा घेतली ते आईवडीलही ग्राहक. मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना मनस्तापाचे वेगळे पाच लाख मिळाले. डेनिंगनी जे आडवळणाने केलं ते इथे सरळ झालं. २०१९ च्या नव्या कायद्याने तर तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच करायची मुभा दिली. सोलापूरच्या माणसाने मुंबईच्या टूर कंपनीविरुद्ध सोलापुरातच दाद मागावी. मुदत दोन वर्षं.

उलट दिशेचं उदाहरणही आपल्याकडे आहे. ऑगस्ट १९७२ मध्ये लुफ्तान्साचा एक सहवैमानिक दिल्लीच्या ओबेरॉय हॉटेलच्या तलावात सूर मारताना डोक्यावर आपटला आणि पांगळा झाला. १९८५ मध्ये तो वारला, दावा चालूच होता. १९९७ मध्ये न्यायमूर्ती लाहोटी यांनी ५० लाखांची भरपाई दिली : पंचतारांकित दर घेणाऱ्याची काळजीही तेवढीच मोठी हवी. पुढे अपिलात २००२ मध्ये तो निकाल फिरला. आपल्या कोर्टात परदेशी पाहुण्याची गत ही. फुकेतच्या कोर्टात आपली काय होईल याचा अंदाज यावरून बांधावा.

फुकेतचं नाव घेतलं, कारण आता आपण तिथे ग्रुप टूरने जात नाही. विमान एका ॲपवर, खोली दुसऱ्यावर, टॅक्सी तिसऱ्यावर. प्रत्येकाच्या अटींमध्ये तेच जुनं वाक्य असतं : आम्ही केवळ मध्यस्थ. १९९० साली दारातून घालवलेलं वाक्य खिडकीतून परत आलं. ॲपचं कार्यालय सिंगापूरला किंवा ॲमस्टरडॅमला, हॉटेल थायलंडमध्ये, मूल आपलं. सोलापूरच्या आयोगाने आदेश दिला तरी फुकेतच्या हॉटेलकडून तो वसूल कोण करणार?

युरोपने यावर २०१५ मध्ये नवा निर्देश आणला, तो जुलै २०१८ पासून लागू आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये असल्याने त्यातलं एक कलम वाचून हसू आलं. तुम्ही एका साइटवर विमान बुक केलं, तिने तुम्हाला दुसऱ्या साइटवर हॉटेलसाठी पाठवलं, सोबत तुमचं नाव, पैसे भरण्याचा तपशील आणि ईमेल असं तिन्ही पाठवलं, आणि २४ तासांच्या आत दुसरं बुकिंग झालं, तर ते पॅकेज. पूर्ण संरक्षण. तिन्हींपैकी ईमेल पाठवला नाही, तर पॅकेज नाही. उरतं ते बरंच पातळ संरक्षण. म्हणजे मुलाच्या जखमेची जबाबदारी कोणाची, हे दोन सर्व्हरमधल्या संदेशात एक रकाना भरला की नाही यावर ठरू शकतं. हा रकाना ठेवायचा की काढायचा, हे कुठल्यातरी ऑफिसात माझ्यासारखाच कोणीतरी तिकिटावर लिहून बंद करतो. आपल्याकडे तेवढाही नियम नाही.

प्रवासविम्याचं नाव निघतंच. तो घ्यावा, तिथल्या हॉस्पिटलचं बिल बऱ्याचदा त्यातून निघतं. पण साधी पॉलिसी उघडून बघा. वैद्यकीय खर्च आहे, हरवलेल्या बॅगेचे पैसे आहेत, उशीर झालेल्या बॅगेचेही आहेत. मुलाच्या गालावरच्या व्रणाचा रकाना शोधा.